उताराच्या तोंडाशी

मला पाण्याची भीती वाटायची आणि ताईला उताराची. आमची जोडी जमली ती एवढ्यावरच.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. एकटी राहते, आणि तरणतलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. मी दात करते. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, त्यावरून कॅपा आणि कवळ्या बनवायच्या, भट्टीत भाजायच्या, शेजारच्या दाताच्या रंगाशी रंग जुळवायचा. नवरा चारचौघांत माझी ओळख 'आमची दातवाली' अशी करून देतो आणि स्वतःच हसतो. दिवसभर भिंगाखाली मान घालून कुणाच्या तरी दाढेच्या खाचा कोरत बसायचं, त्यामुळे अडतिसाव्या वर्षी माझी मान धरली ती धरलीच. डॉक्टर म्हणाले, पोहायला लागा. मी म्हटलं, दुसरं काही सांगा. नवऱ्याने परस्पर ताईला फोन लावला.

पहिल्या दिवशी छातीएवढ्या पाण्यात उभी राहून मी अशी किंचाळले, की शेजारच्या लेनमधले एक आजोबा वेळ संपल्याची शिट्टी समजून बाहेर निघून गेले. ताई हसली नाही. ती माझ्यासमोर उलटी चालत राहिली, तिचे तळवे माझ्या कोपरांखाली. तोपर्यंत मी तिला अहो-जाहो करत होते. तिसऱ्या आठवड्यात नाकातोंडात पाणी गेलं आणि मी ओरडले, "ताई, सोडू नकोस!"

बाहेर आल्यावर टॉवेल अंगावर टाकत ती म्हणाली, "बुडायला लागलीस तेव्हा 'तू' म्हणालीस बघ. आता तेच राहू दे."

सायकलचं उलटं होतं. माझं माहेर डोंगराच्या कडेला. भावांच्या मागे सायकलवरून दगडधोंड्यांतून उतरण्यात माझं लहानपण गेलं. ताईने पन्नाशीला आल्यावर माझ्या नादाने जाड टायरची सायकल घेतली. चढावर ती घोड्यासारखी जायची, मला मागे टाकायची. पण उतार आला की दोन्ही ब्रेक आवळून पुतळा व्हायची. मी तिच्यापुढे जायचे आणि ओरडून सांगायचे: "डावीकडून! आता ब्रेक सोड! माझ्या मागच्या चाकाकडे बघ, खाली बघू नकोस!" मी पुढे असले की ती यायची. डोळे मिटल्यासारखी, पण यायची.

पोहणं, सायकल आणि पळणं या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ, तेही रस्ता सोडून रानात करायच्या अशा स्पर्धा असतात, हे ताईनेच शोधून काढलं. आधी तळ्यात दीड किलोमीटर, मग डोंगरातून तीस किलोमीटर सायकल, मग पायवाटेने दहा किलोमीटर पळायचं. दोन वर्षं आम्ही लहानसहान स्पर्धा केल्या. तिसऱ्या वर्षी आमची अजिंक्यपद स्पर्धेसाठी निवड झाली. हौशी गट, वयाप्रमाणे. मी चाळीस ते चव्वेचाळीसमध्ये, ताई पन्नास ते चौपन्नमध्ये. तिच्या गटात चारच जणी होत्या आणि चौघींची निवड झाली. "मी चारांत चौथी आले," असं ती सगळ्यांना अभिमानाने सांगायची.

आमच्यात एकच करार होता. पाण्यात ती माझ्या उजवीकडे पोहणार, कारण मी श्वास उजवीकडे घेते आणि श्वास घेताना मला कुणीतरी दिसावं लागतं. उताराच्या तोंडाशी मी तिच्यासाठी थांबणार आणि पुढे राहून तिला खाली नेणार. एकटी पोहली असती तर ती माझ्या दहा-बारा मिनिटं आधी बाहेर आली असती. तो हिशोब तिने कधी काढला नाही. मीही नाही.

स्पर्धेच्या सकाळी तळ्यावर धुकं होतं आणि पाणी असं गार, की पाय घातल्याबरोबर घोट्यांना कळ लागली. शिट्टी झाली. शे-दीडशे बायका एकदम पाण्यात घुसल्या. कुणाचा तरी पाय माझ्या तोंडावर बसला, पोहायचा चष्मा सरकला. मी उताणी झाले. ताईचा आवाज अगदी कानाशी आला, "मी इथेच आहे. तीनदा श्वास सोड. घाई नाही." मी श्वास सोडला, वळले आणि पोहायला लागले. प्रत्येक श्वासाला तिचा पिवळा चष्मा दिसत होता. पाऊण तास तो दिसत राहिला.

दोघी एकदमच बाहेर आलो. सायकली लावलेल्या जागी माझी बोटं इतकी बधिरली होती की बुटाचा पट्टा लागेना. ताई तयार झाली होती. मीच म्हटलं, "तू हो पुढे, चढ आहे. वर भेटू."

"वर खडकापाशी," ती म्हणाली. "थांबते मी."

चढाच्या मध्यावर पाणी द्यायचा तंबू होता. त्याच्या मागे तात्पुरते संडास उभे केले होते आणि त्यातल्या एकाच्या भिंतीला ताईची निळी सायकल टेकवलेली होती. मी ती पाहिली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण नंतर कित्येक महिने मी स्वतःला पटवत होते की नीट पाहिली नव्हती. मी पाहिली. पुढे निघाल्याचं तिला हाक मारून सांगावं असं मनात आलं. पण त्याच वेळी एक बाई माझ्या शेजारून पुढे सटकली आणि मी तिच्या मागे लागले.

माथ्यावर मोठा खडक होता. तिथून पुढे तीन किलोमीटरचा उतार. नुसते दगड, मुळं आणि आखूड वळणं. खडकापाशी एक म्हातारे स्वयंसेवक उभे होते, गळ्यात शिट्टी, हातात पुठ्ठ्यावर लावलेली यादी. येणाऱ्या प्रत्येकीचा नंबर ते लिहून घेत होते. मी ब्रेक दाबला आणि एक पाय टेकवला.

त्यांनी माझा नंबर पाहिला, यादीत बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुमच्या गटात तिसऱ्या आहात बाई! चौथी मागेच आहे, निघा!"

तिसरी. आयुष्यात मी कशातच तिसरी आले नव्हते. शाळेत धावण्याच्या शर्यतीत मी बाकीच्यांचे बूट सांभाळायचे. मी मागे वळून पाहिलं. चढावर तीन हेल्मेटं हलत होती, त्यांत ताईचं नव्हतं. मी दहापर्यंत मोजायचं ठरवलं. एक, दोन, तीन. मनात एकीकडे चाललं होतं: अकरा स्पर्धांत असे उतार केलेत आम्ही. जमेल तिला आता एकटीला. तिलाही माझं पदक बघून आनंदच होईल. सातावर आले तेव्हा वर येणाऱ्यांपैकी एकीच्या गियरची खट्खट् ऐकू आली.

निदान निरोप तरी ठेवायचा होता. 'निळ्या सायकलवाल्या ताई येतील, त्यांना सांगा मी पुढे गेले.' एवढंच. पण शिट्टीवाले तेवढ्यात एका पंक्चर झालेल्या मुलीकडे वळले होते. त्यांना हाक मारण्यात दहा-पंधरा सेकंद गेली असती. मी पाय उचलला.

खोटं कशाला बोलू, त्या उतारावर मला जितका आनंद झाला तितका क्वचितच कधी झाला असेल. अंगात वारं भरलं होतं. मागे कुणी नव्हतं, कुणाला काही सांगायचं नव्हतं. पळताना पोटऱ्यांत गोळे आले, शेवटच्या दोन किलोमीटरांत रडू यायचंच बाकी होतं, पण तिसरा नंबर मी सोडला नाही.

शेवटच्या रेषेपाशी बसून मी केळं खात होते. एक तास झाला, दीड झाला, ताईचा पत्ता नाही. मग आयोजकांची जीप आली. मागे चार-पाच सायकली बांधलेल्या आणि त्यांत निळी. ताई खाली उतरली. अंगावर ओरखडा नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

ती जवळजवळ धावतच आली. "कितवी?"

"तिसरी."

"शाब्बास गं!" तिने मला अशी मिठी मारली की केळं दोघींच्या मध्ये चिरडलं. "मी म्हणाले नव्हते? म्हणाले होते की नाही?"

"पण तुझं काय झालं?"

"अगं, चेन अडकली. बसले काढत. सायकलीची ठरलेली मुदत नऊ मिनिटांनी हुकली, मग पुढे पळू देत नाहीत." तिने हात उडवला. "जाऊ दे. चारांत चौथीच यायची होते, आता घरबसल्या आले."

मी हसले. तिच्या बोटांकडे पाहिलं ते हसून झाल्यावर. अडकलेली चेन काढली की हात कोपरापर्यंत काळे होतात. तिचे स्वच्छ होते.

बक्षीस समारंभानंतर मी गळ्यात पदक घालून चहाच्या रांगेत उभी होते. शिट्टीवाले माझ्या पुढे होते. वळून त्यांनी माझ्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं.

"लाल हेल्मेटवाल्या भावजय तुम्हीच का हो?" ते म्हणाले. "तुम्ही सुखरूप आहात हे बघून बरं वाटलं. तुमच्या नणंदबाईंनी मला फार घाबरवलं."

"म्हणजे?"

"अहो, त्या थांबून राहिल्या ना माझ्यापाशी! बेचाळीस मिनिटं. मी म्हटलं, बाई, निघा, मुदत जाईल. तर म्हणाल्या, माझी भावजय मागे आहे, ती आल्याशिवाय मी हलायची नाही. दोनदा सायकल ठेवून चढाच्या खालच्या वळणापर्यंत चालत जाऊन बघून आल्या, तुम्ही कुठे पडलात की काय म्हणून. तुमचा नंबर त्यांना आठवेना, नाहीतर मी यादीत बघितलं असतं. मी म्हटलं, पुढे गेल्या असतील. तर माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, ती मला टाकून जायची नाही." ते हसले, अगदी निर्मळपणे. "शेवटची सायकलवाली आली आणि म्हणाली माझ्या मागे कुणी नाही, तेव्हा मी वायरलेसवर विचारलं. खालून सांगितलं, लाल हेल्मेट केव्हाच गेलं, पळतंय."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. 'बरं झालं' म्हणाल्या. सायकल हातात धरली आणि चालत उतरल्या."

चार तासांचा परतीचा रस्ता. गाडी ताईच चालवत होती, कारण माझे पाय गेले होते. नवऱ्याचा फोन आला, तिने तो स्पीकरवर टाकला. "अरे, तुझी बायको नुसती उडत होती! मला मेलीला चेनने दगा दिला," असं तिने त्यालाही सांगितलं, अगदी रंगवून, चेन कशी दोन दात्यांच्या मध्ये बसली ते. मी शेजारी बसून ऐकलं. ती कुणासाठी खोटं बोलते आहे ते मला कळत होतं.

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मी म्हणाले, "ताई, तुम्हाला पाणी आणू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. मग खिडकीची काच पुसत म्हणाली, "आण की."

त्यानंतर रविवारचा सराव बंद झाला. भांडण नाही, अबोला नाही. आधी तिचा खांदा दुखत होता, मग सकाळची नवी बॅच होती, मग तिने सायकल खाली उतरवायलाही नको म्हणून बाल्कनीत कापडाने झाकून ठेवली. घरी यायची, माझ्या लेकीचे केस विंचरायची, भावाला चिडवायची, माझ्याशी मानेचं कसं आहे ते बोलायची. मीही बोलायचे. प्रयोगशाळेत मी एकदा एकाच दाढेची कॅप तीनदा केली, तिन्ही वेळा रंग चुकला. मुख्य बाई म्हणाल्या, "लक्ष कुठे आहे तुझं?" मी म्हटलं, उजेड कमी आहे.

वर्ष उलटलं. एका दुपारी सगळे आमच्याकडे जेवायला जमले होते. लेक तेरा वर्षांची. तिने शाळेतला निबंध आणला होता, 'माझी आदर्श व्यक्ती'. तिला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते. ताटं उचलायच्या आधी तिने उभं राहून तो वाचला. माझी आई चाळिशीत पाण्याला घाबरायची, माझ्या आईने हार मानली नाही, माझी आई अजिंक्यपद स्पर्धेत तिसरी आली. "माझ्या आत्याची चेन अडकली नसती तर दोघी हातात हात घालून पोहोचल्या असत्या, कारण त्या दोघी एकमेकींना कधीच सोडत नाहीत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईने सर्वांत जोरात. मी उठून ताटं गोळा करायला लागले. लोक अजून जेवत होते तरी.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी तरणतलावावर गेले. पहिली बॅच संपली होती. ताई ओल्या फरशीवर बसून तरंगायच्या फळ्या रंगांप्रमाणे एकावर एक रचत होती.

"ताई, मी निळी सायकल पाहिली होती," मी म्हणाले. बाकीचं वाटेत जुळवलेलं सगळं विसरलं. "तंबूपाशी. आणि वर मी सातपर्यंतच थांबले. निरोपही ठेवला नाही. आणि त्या शिट्टीवाल्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. सगळं मला माहीत होतं."

तिने हातातली फळी रचली. "मला वाटलंच होतं, माहीत असेल म्हणून. गाडीत 'तुम्ही' म्हणालीस तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

मी रडायला लागले. तिने रडू दिलं. मग टॉवेल पुढे केला, तिच्या त्या क्लोरीनच्या वासाचा.

"तू गेलीस त्याचं मला इतकं काही नाही गं," ती म्हणाली. "शर्यत आहे. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं, देव जाणे. पण मी त्या माणसाशी भांडले. ओळख ना पाळख, बिचारा चांगलं सांगत होता, आणि मी त्याच्या अंगावर गेले की माझी भावजय तसली नाही. मग त्याने वायरलेसवर विचारलं. आणि ते ऐकल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. यादीत काहीतरी लिहीत बसला." तिने वरची फळी सरळ केली. "ते अजून आठवतं. कणीक मळताना, कधी दात घासताना."

"मी काय करू, ताई?"

"काही नको करू. काय करणार आहेस?" ती उठली, गुडघा दाबत. "घरी मात्र सांग. मी वर्षभर चेनची गोष्ट सांगतेय, आता मला कंटाळा आला."

त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं. लेक म्हणाली, "म्हणजे मी खोटं लिहिलं?" मी म्हटलं, तू नाही, मी. ती खोलीत निघून गेली. नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला आणि एकच प्रश्न विचारला.

"किती वेळ उभी होती ती?"

मी सांगितलं. तो बाल्कनीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

त्याला आता दोन वर्षं होतील. लेक माझ्याशी पूर्वीसारखी बोलते. मुलं विसरतात, किंवा तसं दाखवतात. ताई येते-जाते. मी पुन्हा 'तू' म्हणते, तीही काही बोलत नाही. तळ्यात मी परत उतरले नाही. एकदा गेले होते, गुडघ्याएवढ्या पाण्यातून उजवीकडे पाहिलं आणि बाहेर आले.

गेल्या हंगामात नवरा म्हणाला, कामासाठी दोन दिवस बाहेरगावी जायचंय. मी त्याची बॅग भरून दिली. तो परत आला तेव्हा त्याच्या बुटांना लाल माती होती आणि नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला होता. कारकुनी कामात नाक सोलत नाही. मी चहा ठेवला.

चहा पिता पिता तोच म्हणाला, "ताईने नाव दिलं होतं. तिकडेच. अजिंक्यपदाला."

"एकटीने?"

"एकटीने. उतार चालतच उतरली, सायकल धरून. पण मुदतीच्या आत आली. चार मिनिटं राखून. पळणंही पूर्ण केलं." त्याचा चेहरा उजळला होता आणि तो ते लपवायचा प्रयत्न करत होता. "पाच जणींत पाचवी."

"मला का नाही सांगितलंत?"

त्याने कप खाली ठेवला. "मी म्हणालो होतो तिला, सांगू या. तीच म्हणाली नको. ती म्हणाली, 'तिला कळलं तर ती येईल. टाळ्या वाजवायला उभी राहील. मग मला तिच्याकडे बघून हसावं लागेल.'" मग घाईने म्हणाला, "वाईट मनाने नाही म्हणाली गं."

"हो," मी म्हटलं. "ते माहीत आहे मला."

त्याने मोबाईल पुढे केला. फोटोत ताई शेवटच्या रेषेवर होती, तोंड उघडं, केस चिकटलेले, दोन्ही हात वर. मी तो बोटांनी मोठा करून पाहिला. मग फोन त्याला परत दिला आणि त्याचे बूट उचलून माती झाडायला बाहेर घेऊन गेले.